पाय मागं घेण्याचा मान

विहीणबाई, बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही. सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, थोड्या वेळानं विसरून परत घातलं. ते गळत गळत खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर गेलं. खालची बाई तावातावानं बाहेर आली, वर बघितलं, मला ओळखलं आणि नुसते कपडे गोळा करून आत गेली. मला ते मुळीच आवडलं नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडायला हक्काचं माणूस लागतं, आणि माझं ते माणूस गेल्या आठवड्यात गेलं.

काल जयेशचा फोन आला. जावई झाला तरी तुमचा मुलगा मला अजून मामीच म्हणतो. म्हणाला, दहाव्याला छापायच्या चार ओळी तुमीच लिहा, तुमचं शुद्ध हाय. मी बसले. 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' एवढं लिहिलं आणि खोडलं. कष्टाळू होतात, नाही कोण म्हणतं. पण मनमिळाऊ? मुरब्याच्या अख्ख्या किनाऱ्यावर तुमच्याशी एकदाही न भांडलेली बाई मला दाखवा. त्या चार ओळी आता सुवर्णा लिहील, तुमची सून आहे ती. मी तिची आई. मला जे बोलायचंय ते तुमच्याशीच बोलायचंय.

आपलं भांडण लग्नाच्या हॉलमध्ये सुरू झालं. आम्ही सांगलीकडचे, ह्यांच्या तारापूरच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बोईसरला येऊन राहिलेलो. तुम्ही मुरब्याचे, दारात समुद्र, घरात होडी. पोरांनी कॉलेजात जमवलं, दोन्हीकडं आधी रडारड झाली आणि मग होकार झाले. मी ह्यांना आधीच बजावलं होतं, साड्या देईन, पंगती घालीन, पण विहिणीचे पाय धुणार नाही. मुलगी देतोय, मान खाली घालून देत नाही. हे त्यांनी तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं. पोचवलं नाही. पुरुषांचं हे नेहमीचंच, जे बोलायचं तेच नेमकं गिळायचं.

तर तुम्ही खुर्चीत बसलेल्या, अंगावर ठेवणीतलं सगळं सोनं, डावा पाय पुढं केलेला, बोटात चांदीचं जाड जोडवं. माझ्या जावेनं पितळेची परात आणून समोर ठेवली. आणि मी हात जोडून उभी. मला हे पटत नाही, राग मानू नका, एवढंच म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग परातीकडं बघितलंत, सावकाश पाय मागं घेतलात आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या, वीनबाय. पाय धुवायचे तुमच्याकडं ऱ्हायलेत, एवढं ध्यानात ठेवा."

मला वाटलं विषय मिटला. कसला मिटतोय. दिवाळीला आलात, उंबऱ्यात चप्पल काढता काढता म्हणालात, ऱ्हायलेत हां. सुवर्णाच्या डोहाळजेवणाला तेच. बारशाला, पाळण्याची दोरी हातात असताना, तेच. वर मला शिकवायचात की तुमच्यात विहीण नुसती पाय पुढं करून बसत नाही. पाणी पडलं की ती पाय मागं घेते, रुसते. मुलीच्या आईनं दोन शब्द गोड बोलायचे, मग परत पुढं करते. पाय मागं घेता येतो म्हणून तर ती विहीण, हे तुमचं म्हणणं. ही रीत सगळ्या गावाची होती की तुमच्या एकटीची, मला अजूनही ठाऊक नाही. मी म्हणायची, मग मागंच ठेवा की, पुढं करताच कशाला.

त्यातच तो डावा पाय गार पडायला लागला. तुम्ही कुणाला म्हणून सांगितलं नाहीत. साखर होती, तंबाखूची मिसरी तर उठल्यापासून निजेपर्यंत. बाजारात चालताना पोटरीत गोळा यायचा तेव्हा टोपली उतरवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचं निमित्त करायचात. हे सगळं मागाहून कळलं. पाय गार आहे म्हणजे त्याला ऊब पाहिजे, हा तुमचा सरळ हिशोब. आणि मुरब्यात फुकटची ऊब कुठं, तर सुकट वाळवायच्या खळ्यावर. भर उन्हाळ्याच्या दुपारी, जवळा वाळत पडलेल्या त्या जागेशेजारच्या वाळूत पाऊल पुरून तुम्ही शेजारणीशी बोलत बसलात. लागत तर काही नाही, असं तिला म्हणालात. लागत नव्हतं हेच तर दुखणं होतं, बाई. आमच्यासारखीनं बोंब मारून पाय काढला असता, तिथं तुम्ही बसून राहिलात आणि घरी आलात ते फोड घेऊन.

फोडाची जखम झाली. जखम भरेना. अंगठ्याशेजारचं बोट सुजलं, मग काळवंडत गेलं. पालघरच्या सोनारानं बोटातलं जोडवं कापून काढलं तेव्हा तुम्ही रडलात. बोटासाठी नाही, जोडव्यासाठी.

बोईसरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, गुडघ्याखाली रक्तवाहिन्या इतक्या ठिकाणी बुजल्यात की फुगा घालून उघडायला किंवा दुसरी नस जोडायला जागाच उरली नाही. पाय गुडघ्याखालून काढावा, नाहीतर विष अंगभर चढेल आणि माणूस जाईल. जयेश खाली बघत उभा, तुमचे मालक भिंतीकडं बघत उभे. मी म्हटलं, काढा. हो, सगळ्यांत आधी मीच म्हटलं. तेव्हा मला दुसरं काही दिसत नव्हतं, माणूस राहिलं पाहिजे एवढंच दिसत होतं. तुम्ही अशी नजर टाकलीत की मासे कापायचा कोयता बरा.

"धुवायला नकोत म्हणून कापायला निघालात काय, वीनबाय?"

डॉक्टर गोंधळले. ह्यांना हसू फुटलं, आणि मी ह्यांच्यावर घर येईपर्यंत चिडलेली होते. पण विहीणबाई, तो काटा आत राहिला तो राहिलाच. आजसुद्धा आहे. तुम्ही थट्टा केली होती की खरंच तसं वाटलं होतं, हे विचारायचं म्हणत होते आणि विचारलं नाही.

मग जयेश विचारत विचारत मुंबईच्या एका डॉक्टरांपर्यंत पोचला. त्यांनी मूळपेशींचा उपाय सांगितला. निरोगी माणसाच्या हाडातल्या मगजातून काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पोटरीच्या मांसात ठिकठिकाणी सुईनं सोडायच्या. त्या आपल्या आपण नसा होऊन बसतात असं नाही, म्हणाले. त्या भोवतालच्या शरीराला सांगावा धाडतात, आणि बुजलेल्या मोठ्या वाटेच्या कडेकडेनं बारीक नवीन वाटा फुटायला लागतात. फुटतीलच असं मात्र नाही. काही पाय दाद देतात, काही देत नाहीत, आणि कळायला महिने जातात. तोवर जखम हाताबाहेर गेली तर पाय काढायचाच. आणि मिसरी आजपासून बंद.

तुम्ही शांतपणे सगळं ऐकलंत. विचारलंत, कुणाच्या हाडातलं? डॉक्टर म्हणाले, नाव सांगत नसतात, पण तरणा आणि निरोगी माणूस असतो. चांगल्या घरचा असेल, असं तुम्हीच ठरवून टाकलंत. मग विचारलंत, येतं कसं ते? डॉक्टर म्हणाले, गोठवून येतं, बर्फापेक्षाही गार डब्यातून.

झालं. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. तुम्ही पदर खोचलात आणि त्या शिकल्यासवरल्या माणसाला सांगितलंत की बर्फातला माल ताजा म्हणून आम्ही बोईसरकरांच्या गळ्यात मारतो, तुम्ही आमच्या गळ्यात मारू नका. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र मोठा माणूस. त्यांनी विचारलं, बर्फातली मासळी बिघडली हे तुम्ही कसं ओळखता? तुम्ही म्हणालात, कल्ले उघडून बघते. ते म्हणाले, आम्हीही डबा उघडल्यावर आधी बघतो, किती जिवंत आहेत आणि किती मेलेल्या. फार मेलेल्या निघाल्या तर टोचतच नाही.

"म्हंजे जित्या असत्यात?" तुम्ही विचारलंत.

"जिवंतच असतात, आजी."

"मग द्या."

आम्ही सगळे मिळून जे करू शकलो नसतो ते तेवढ्यानं झालं. सुया द्यायच्या दिवशी डब्यातून पांढरी वाफ निघाली तेव्हा तुम्ही नर्सला दटावलंत म्हणे, कल्ले बघितलेत ना नीट?

त्यानंतर तुमचा मुक्काम माझ्याकडं. मुरब्याच्या घरी दारापासून वाळू आणि माश्या, सुवर्णाच्या मांडीवर तान्ही पोर, आणि जखम रोज उघडून धुवायची. सासूनं सुनेच्या माहेरी जाऊन राहायचं, हे मुरब्यात कुणी ऐकलं नव्हतं आणि सांगलीतही नाही. माझ्या बहिणीनं फोन करून खात्री करून घेतली. दोन दिवस म्हणून नवरात्रात आलात त्या होळीला गेलात. माझ्या माशाच्या कालवणाला तुम्ही आमटी म्हणालात. बोंबील धुताना माझ्या मागं उभं राहून सुस्कारे टाकलेत. उशीखालची मिसरीची डबी मी गटारात ओतली तेव्हा माझ्याशी बोलणं सोडलंत आणि सगळे निरोप ह्यांच्यामार्फत सुरू झाले. एका खोलीत आपण दोघी, मध्ये हे, आणि तुम्ही ह्यांना सांगताय की तुमच्या बायकोला म्हणावं चहात साखर नाय. साखर नसणारच होती, तुम्हाला बंद होती.

सुवर्णाचं लग्न झाल्यापासून ते घर इतकं बोललं नव्हतं, विहीणबाई. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं असं नाही, म्हटलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असतात. पण खरं ते खरं.

रोज सकाळी मी पाटावर खाली बसायची, तुम्ही खुर्चीत, मध्ये परात. दवाखान्यातलं मिठाचं पाणी जखमेवर सोडायचं, कापसानं टिपायचं, नवी पट्टी. मिठाचंच पाणी पाहिजे तर माझ्या दारात समुद्र हाय, असं तुम्ही कुरकुरायचात. एकदा शेजारीण डोकावली आणि म्हणाली, अगोबाई, विहिणीचे पाय धुताय? मला संधी मिळाली. ती गेल्यावर म्हटलं, बघा, लोकांनी पाहिलं, फिटलं आता. तुम्ही चक्क गंभीर झालात.

"ह्ये धुणं नाय. पानी पडल्यालं मला कळतच नाय, तर पाय मागं कशी घेऊ? ज्याला मागं घेता येत नाय तो पाय कसला नि त्याचा मान कसला?"

तेवढ्या महिन्यांत तुम्हाला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. तो पाय तुमचा होता, पण परातीत ठेवलेल्या वस्तूसारखा होता. गार, निळसर, मी काहीही केलं तरी गप्प. मी रोज पाणी सोडताना तुमच्या तोंडाकडं बघायची आणि तुम्ही खिडकीबाहेर बघायचात.

आणि मग थंडीतली ती सकाळ. बाटली ओट्यावर राहून गारठली होती. मी पाणी सोडलं, सांगलीच्या बहिणीचं काहीतरी सांगत होते, आणि परात खणकन वाजली. तुम्ही पाय खेचला होतात.

"गार हाय गो!"

मला सुनेसारखं 'गो' म्हणालात, ते तुमच्याही लक्षात आलं नाही. मी पुन्हा थोडं पाणी सोडलं. पाय पुन्हा मागं गेला. मग आपण दोघी वेड लागल्यासारख्या हसलो, मग रडलो. हे आंघोळीतून तसेच टॉवेलवर बाहेर आले, आत काय पडलं म्हणून. डॉक्टरांनी नंतर यंत्र लावून बघितलं, पायाला हात लावून बघितलं, जखमेच्या कडा लाल झालेल्या दाखवल्या. अजून उड्या मारू नका म्हणाले, पण ह्या पायानं दाद दिली आहे. बोटाचं काळं टोक पुढं गळून गेलं. पाऊल राहिलं.

त्या सकाळी डोळे पुसून तुम्ही लगेच पाय पुढं केलात. आता धुवा, आता हिशोबात धरीन, म्हणालात. आणि मी, बघा माझा स्वभाव, म्हटलं की हे डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग आहे, पाय नाही धुतले मी. तुम्ही म्हणालात, असू दे, ऱ्हायलेत. होळीला माझा जिना स्वतः उतरलात, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात ह्यांनी घेतलेली काठी जमिनीला न टेकवता धरलेली. रिक्षात बसतानाही तेच म्हणालात.

आणि आता हे. खळ्यावर बसून जवळा निवडत होतात, छातीत कळ आली, पालघरला नेईपर्यंत संपलं. मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. काय विचारायचं होतं मला? भांडायचंच होतं. पायात रक्त आणलंत, मग छातीत का नाही? ते म्हणाले, नसा सगळीकडच्याच खराब झालेल्या होत्या, सुया पोटरीत दिल्या, त्या पोटरीपुरत्या. पाय काढला असता तरी हृदयाचं हेच झालं असतं का, ते कुणी सांगू शकणार नाही. मी फोन ठेवला तेव्हापासून हेच फिरतंय डोक्यात. आपल्यात खरं कोण होतं, मी की तुम्ही? तुम्ही दोन पायांवर गेलात, म्हणजे तुम्ही जिंकलात. पण गेलात, मग जिंकलात कशा? आणि मिसरी? होळीनंतर परत सुरू केली होती का, खरं सांगा. सुवर्णा नाही म्हणते, पण फार पटकन म्हणते. तुमची पेटी आवरायला तिनं मला बोलावलंय. मी जाणार नाही. डबी सापडली तर मी तुम्हाला कुठं येऊन बोलू?

एक गोष्ट सांगायची राहिली. लग्नात मी हट्ट धरला तो भीतीपोटी धरला होता. वाटायचं, आज आईनं मान खाली घातली की पोरीला जन्मभर घालावी लागेल. मी तुमचा मान केला नाही, तर तुम्ही तो सुवर्णाकडून वसूल कराल, ही दुसरी भीती. तुम्ही तिला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाहीत. भांडण माझ्याशी, थट्टा माझ्याशी, आणि तिला तिच्या बाळंतपणात स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलंत, लंगडत. ज्या बाईपुढं माझ्या मुलीची मान खाली गेली नाही, तिच्यापुढं मी वाकले तर माझं काय जाणार होतं? मी ठरवलं होतं, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही बोईसरला याल तेव्हा काही न सांगता परात पुढं करायची. आईच्या वेळची परात चिंचेनं घासून ठेवली होती. काल ती रिकामी बघवेना म्हणून तीत कणीक मळली. घरात माणसं दोन आणि चपात्या गावजेवणाच्या. हे खात राहिले.

तुम्ही गेलात त्या दिवशी मुरब्याला पोचले तेव्हा अंगणात बायका तुम्हाला आंघोळ घालत होत्या. मी कडेला उभी होते. तुमच्या नणंदेनं मला पाहिलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "सरा. पाय वीनबायला धुऊ द्या. तिच्याकडं ऱ्हायलेत."

सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणजे. कुणी हसलं नाही. कुणीतरी माझ्या हातात ऊन पाण्याचा तांब्या दिला. मी तो परत केला आणि गार पाणी मागितलं. तुमच्या पायाशी खाली बसले. डावा पाय, टोक गेलेलं बोट, त्याच्या मुळाशी जोडव्याचा जुना वळ. जखमेची जागा गुळगुळीत भरून आलेली. मी पाणी सोडलं आणि थांबले. परत थोडं सोडलं आणि परत थांबले. तुमच्या नणंदेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, झालं, उठा, म्हणाली.

कसं झालं? पाणी गार होतं, विहीणबाई, आणि तुम्ही पाय मागं घेतला नाहीत. हे मी धरत नाही. पाय धुवायचे माझ्याकडं राहिलेत.